सव्वा घटिकेचे पाहुणे

खोपोली हे मुळातच थांबण्याचे गाव आहे. घाट चढणारा येथे दम घ्यायला थांबतो, घाट उतरलेला गाडीचे ब्रेक थंड करायला थांबतो, आणि आमच्यासारखे काही एकदा थांबले ते थांबूनच राहिले. माझे वडील पॉवरहाऊसच्या नोकरीसाठी येथे आले. मी येथेच वाढलो. १९९१ साली स्टँडाजवळ पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ टाकला आणि तेरा वर्षे चालविला. लोकांना काचेच्या खोक्यात उभे करून त्यांच्या बोलण्याची वेळ मोजायची आणि त्या वेळेचे पैसे घ्यायचे, हा माझा धंदा. पुढे जे लिहिणार आहे ते लिहिण्याचा माझा अधिकार काय तो एवढाच.

निमित्त घडले ते गेल्या वर्षीच्या जून महिन्यात. आमच्याकडे रानभाज्या घेऊन येणाऱ्या मावशी आहेत. डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी. त्यांची मुलगी बारावी झाली आणि तिला पुढच्या प्रवेशाचा अर्ज भरावयाचा होता. वाडीत मोबाइलला रेंज नाही आणि तिच्या फोनमधला त्या दिवसाचा डेटा संपलेला. तेव्हा ती सकाळच्या फेरीत आईबरोबर खाली उतरली आणि जेथे फुकट वाय-फाय मिळते अशा एका सार्वजनिक ठिकाणी (ते कोणते हे सांगण्याचे प्रयोजन नाही) जाऊन तिने दोन मिनिटांत आपली माहिती काय काय लागेल ते पाहून घेतले. मग झेरॉक्स, मग दाखल्याची प्रत, मग फोटो. चार वाजता सगळी कागदपत्रे घेऊन ती पुन्हा त्याच जागी जाऊन बसली. मुदत संध्याकाळी पाचची. फोन उघडला तर पडद्यावर वाक्य : आपला आजचा अर्धा तास पूर्ण झाला आहे, उद्या पुन्हा भेट द्यावी.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती, रागावलेली होती. "काका, मी दोनच मिनिटे वापरले. बाकीचा अर्धा तास कुठे गेला?"

प्रश्न मोठा सरळ होता आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. बूथवर असा प्रश्न कुणी विचारला असता तर मी मीटरची चिठ्ठी फाडून हातात दिली असती. त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतोच. पण तिच्या अर्ध्या तासाचा शोध घेता घेता मी पुष्कळ मागे गेलो, आणि आधी ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या गावाला गाडी आली १८५६ च्या मे महिन्यात. बोरीबंदर ते ठाणे हा पहिला प्रवास १८५३ चा. म्हणजे त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत रूळ येऊन पोचले आणि समोर सह्याद्री उभा राहिल्यामुळे थांबले. १८५८ साली वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली, आणि १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला होईपर्यंत पाच वर्षे प्रवाशांनी मधला घाट पालखीतून, तट्टावरून किंवा पायी चढावा अशी व्यवस्था होती. घाटाचा मार्ग मात्र कर्जत-पळसदरीकडून वर गेला आणि खोपोली फाट्यावर पडली. ती अजून फाट्यावरच आहे. पळसदरी सोडली की केळवली, डोळवली, लौजी आणि मग खोपोली, आणि ही सारी वाट एकेरी रुळाची. समोरून गाडी येत असली तर आपल्या गाडीने वाट पाहावी, दुसरा इलाज नाही.

एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून रेल्वेने जुन्या काळी एक साधी युक्ती केली होती. स्टेशनमास्तरच्या यंत्रातून एक लोखंडी गोळा निघे. तो ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्याचीच गाडी पुढच्या टप्प्यात जाणार. एक गोळा बाहेर असेपर्यंत यंत्र दुसरा सोडीतच नसे. हिंदुस्थानातल्या कितीतरी एकेरी मार्गांवर वर्षानुवर्षे ह्याच गोळ्याच्या भरवशावर गाड्या धावल्या. मला ह्या गोळ्याची आठवण झाली, कारण वाय-फायच्या पेटीतून जे काही येते-जाते तेही एकेरी रुळावरूनच, असे माझा पुतण्या मला सांगत होता. पुतण्या पुण्यास संगणकांच्या जाळ्याचे काम करतो. पुढचे ज्ञान बहुतेक त्याचे आहे. चुकीची उपमा कोठे आढळली तर ती माझी समजावी.

आपल्याला वाटते की फलाटावर बसलेली पन्नास माणसे एकाच वेळी वाय-फाय वापरीत आहेत. तसे नसते. एका वाहिनीवर एका क्षणी एकच जण बोलू शकतो, मग तो राउटर असो वा फोन. दोघे एकदम बोलले की दोघांचेही फुकट जाते. परंतु येथे स्टेशनमास्तर नाही आणि गोळाही नाही. मग पाळी ठरते कशी? तर प्रत्येक फोन आधी कान देऊन ऐकतो. शांतता दिसली तरी लगेच तोंड उघडीत नाही. मनातल्या मनात एक आकडा धरतो, तितके क्षण मोजतो आणि मग बोलतो. दुसऱ्याने आधी सुरुवात केली तर मोजणे तेथेच थांबवून गप्प बसतो. बोलून झाल्यावर पलीकडून पोच यावी लागते. पोच आली नाही तर दोघांची टक्कर झाली असे समजून आधीपेक्षा मोठा आकडा धरतो आणि पुन्हा वाट पाहतो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या, लाखाव्या भागांत चाललेले असते, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. आमच्या घरी सत्यनारायणाच्या जेवणाला बसलेल्या माणसांपेक्षा ही यंत्रे पुष्कळ सभ्य, असे मी म्हटले तेव्हा पुतण्या हसला नाही.

ही सभ्यता जन्माला आली ती भर समुद्रात. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. बेटाबेटांवरची यंत्रे मुख्य संगणकाला जोडायची कशी, हा त्यांचा प्रश्न; समुद्रात तारा कोण टाकणार? १९७१ साली त्यांनी रेडिओच्या लहरींवर 'अलोहानेट' चालू केले. नियम एवढाच : वाटेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोला, आणि तो थोडा वेळ प्रत्येकाचा निरनिराळा असू द्या. बोलण्याच्या आधी ऐकून घ्यावे हे शहाणपण नंतर आले. १९८५ साली अमेरिकेत काही लहरींचे पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे झाले, १९९७ साली ह्या बिनतारी जाळ्याचे पहिले प्रमाण ठरले आणि १९९९ साली त्याला वाय-फाय हे सुटसुटीत नाव मिळाले. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरादाराबाहेरही बिनपरवाना वापरण्यास मुभा मिळाली ती २००५ च्या जानेवारीत. ह्या पट्ट्यात एकमेकींना धक्का न लावता चालतील अशा वाहिन्या जेमतेम तीन. सबंध बाजारपेठेतली दुकाने, घरे आणि बँका ह्या तीन रुळांवर आपापल्या गाड्या हाकतात, हे ऐकल्यापासून मी आमच्या घरातल्या वाय-फायला नावे ठेवणे सोडले आहे.

ह्यात एक गोष्ट मात्र मला फार बोचली. पाळी सगळ्यांना सारखी मिळते, पण वेळ सारखा लागत नाही. राउटरच्या जवळ बसलेला फोन आपले म्हणणे भराभर सांगून मोकळा होतो. लांब, खांबाच्या आड बसलेल्याला लहरी क्षीण पोचतात. त्याला एकेक अक्षर सावकाश उच्चारावे लागते. तो तेवढेच बोलतो, पण रूळ अडवून ठेवतो दसपट वेळ, आणि त्याच्यामुळे जवळचेही सगळे रेंगाळतात. अभ्यासकांनी २००३ साली हे मोजून दाखविले. तेव्हापासून नव्या यंत्रांत पाळ्या मोजण्याऐवजी वेळ मोजून वाटण्याची सोय होऊ लागली. खानदेशात फड पद्धतीचे पाणी ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा प्रश्न नवा नाही. पाटाच्या शेपटाकडच्या शेताला पाणी पोचायला वेळ लागतो. तो वेळ कुणाच्या पाळीत धरायचा ह्यावरून गावोगाव काय कमी झाले का!

आता वेळ मोजण्याकडे वळू. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र ठेवीत; बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे. सरकारी अर्धा तास म्हणजे सव्वा घटिका. टेलिफोनने मात्र आम्हाला तीन मिनिटांत मोजायला शिकविले. मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले. गावोगावच्या लोकांना मात्र टेलिफोन भेटला तो ट्रंककॉलच्या रूपाने. माझ्या लहानपणी नागपूरच्या मामांना कॉल लावायचा म्हणजे सकाळी नोंदवायचा आणि दुपारपर्यंत फोनशेजारी बसायचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर. लागला की तीन मिनिटे, ती संपली की मधूनच ऑपरेटरबाईंचा आवाज येई, "तीन मिनिटे झाली, वाढवायचे का?" वाढवायचे की नाही हा निर्णय आई डोळ्यांनीच करी, आणि बहुधा तो नकाराचाच असे. तीन मिनिटांत मामांची तब्येत, मामींची तब्येत आणि पावसापाण्याची चौकशी झाली की मूळ मुद्द्याला वेळच उरत नसे.

मग ऑपरेटरबाई गेल्या. देशात पहिली एसटीडी १९६० साली कानपूर आणि लखनौ ह्या दोन शहरांमध्ये सुरू झाली; आमच्यासारख्या गावांत ती यायला आणि १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटची एक्स्चेंजे पसरायला पुढची तीस वर्षे लागली. बूथवरच्या माझ्या मीटरला मिनिटे ठाऊक नव्हती. त्याला ठोका ठाऊक होता. गाव जितके लांब तितका ठोका लवकर पडे. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर उतरता, आणि रात्री अकरानंतर पाव. त्यामुळे अकराला माझ्या दारात रांग लागे. कारखान्यांच्या पाळ्या सुटलेले बिहार, उत्तर प्रदेशाकडचे कामगार हातात नोटा घट्ट धरून उभे असत आणि नजर मात्र लाल आकड्यावर. मला एक गृहस्थ आठवतात. त्यांची आई आजारी होती, खिशात चाळीस रुपये होते आणि आकडा अडतिसावर आला तेव्हा कुठे पलीकडे आईला हाताला धरून फोनपाशी आणले होते. मी मीटरकडे पाठ केली. पुढचे पैसे माझ्या खिशातून गेले.

ही हकिगत सांगताना मला बरे वाटते, म्हणून दुसरीही सांगितली पाहिजे. त्याच रांगेत ओळखीचा माणूस आला की त्याला मी आधी आत सोडीत असे, आणि अनोळखी माणूस लांबण लावू लागला की काचेवर किल्ली वाजवीत असे. माणूस वेळ मोजू लागला की असे होते. राउटर कुणाकडे पाठ करीत नाही, पण कुणाच्या काचेवर किल्लीही वाजवीत नाही.

तर राउटर काय करतो? पाहुणा आला की पहिली गोष्ट म्हणजे त्याला पाट देतो. जाळ्यात बोलायचे तर प्रत्येक यंत्राला पत्ता हवा, आणि पत्ते मोजके. लहान जाळ्यात सामान्यतः अडीचशेच्या आसपास. हे पत्ते कायमचे दिले तर दुपारपर्यंत संपतील, म्हणून ते भाडेपट्ट्याने देतात. १९९३ साली ह्या भाडेपट्ट्याचे नियम लिहिले गेले. मुदत संपली की पत्ता परत. आणि यंत्र अजून तेथेच असेल तर निम्मी मुदत सरताच ते स्वतः होऊन मुदतवाढ मागते. आमच्या भागातल्या भाडेकरूंनी हा गुण घ्यावा. गर्दीच्या जागी ही मुदत तोकडी ठेवतात. कारण आलेला माणूस निघून गेला तरी निरोप घेऊन जात नाही, आणि त्याचा पाट रिकामाच अडून राहतो. कधी कधी वाय-फायची खूण पूर्ण दिसते आणि तरी काहीच उघडत नाही, त्याचे एक कारण हेच की सगळे पाट मांडून संपलेले असतात.

पाट मिळाला म्हणजे ताट मिळाले असे नव्हे. आतल्या सर्व पाहुण्यांचा बाहेरच्या जगात पत्ता एकच. राउटर वहीत लिहून ठेवतो की अमुक प्रश्न अमक्या फोनने विचारला, आणि उत्तर आले की वही पाहून ते त्याच्या स्वाधीन करतो. चाळीच्या मालकाच्या मार्फत सगळ्यांची पत्रे येत, तसेच हे. आणि दारात दरवान. फोनने पहिला प्रश्न विचारला की दरवान तो परस्पर अडवितो आणि मागितलेल्या पानाऐवजी स्वतःचे पान पुढे करतो : मोबाइल नंबर द्या, आलेला आकडा लिहा. आजचे फोन तर आपण होऊन एका ठराविक जागी एक पोकळ प्रश्न पाठवून पाहतात. ठरलेले कोरे उत्तर न येता दुसरेच पान आले की समजतात, दारात दरवान आहे.

हा दरवान आपल्याकडे कडक झाला त्याला एक दुःखद इतिहास आहे, आणि तो आमच्यापासून फार लांबचा नाही. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादेत बाँबस्फोट झाले, तेव्हा धमकीचे ईमेल ज्या जोडणीवरून गेले ती नवी मुंबईतल्या एका घराची निघाली. त्या घरातले वाय-फाय बिनकुलपाचे होते आणि बाहेरच्या कुणी तरी त्याचा उपयोग करून घेतला होता. त्यानंतर २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सूचना काढली की सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटली पाहिजे, मग ती ओळखपत्राने असो वा मोबाइलवर आलेल्या आकड्याने. आपण आज फलाटावर उभे राहून सहा आकड्यांची वाट पाहतो ती त्या पावसाळ्यापासून.

रेल्वेचे फुकट वाय-फाय सुरू झाले २०१६ च्या जानेवारीत, मुंबई सेंट्रलवर. रेलटेल ही रेल्वेची कंपनी आणि गूगल ह्यांचे ते काम. दोन-अडीच वर्षांत चारशे स्थानके झाली. २०२० साली गूगलने हात काढून घेतला, पण रेलटेलने काम पुढे चालू ठेवले आणि ते हजारो स्थानकांत पोचले. २०२१ च्या मार्चमध्ये पैसे भरून वापरण्याच्या योजना आल्या, तेव्हा नियम असा होता की रोज पहिला अर्धा तास एका मेगाबिटच्या वेगाने फुकट. पुढे हवे असेल तर दिवसाला दहा रुपयांपासून. कर्जतहून खोपोलीला गाडी पंचवीस मिनिटांत येते. म्हणजे मधल्या वेळात पाच मिनिटे शिल्लकच! एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने मात्र ह्याच फुकटच्या वाय-फायवर, कानात यंत्र घालून, डोक्यावर ओझे वाहता वाहता अभ्यासाची भाषणे ऐकली आणि २०१८ साली केरळच्या लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केली. वर्तमानपत्रांत ती बातमी आली तेव्हा मी ती कापून ठेवली होती.

आता त्या मुलीचा अर्धा तास. वेळेचा हिशेब बहुधा त्या भिंतीवरच्या पेटीत नसतोच. तो लांबच्या एका संगणकावर असतो. त्याची पद्धत १९९१ साली अमेरिकेत, लोक टेलिफोनच्या तारेवरून संगणकाशी जोडले जात त्या काळात, निघाली आणि पुढे तिचे प्रमाण झाले. पाहुणा आत आला की पेटी त्या संगणकाला कळविते. संगणक उलट दोन आकडे पाठवू शकतो. पहिला, एकूण किती सेकंद राहू द्यावयाचे. दुसरा, पाहुणा गप्प बसला तर किती सेकंदांनी त्याला गेलेला समजावयाचे. अर्ध्या तासाचा पहिला आकडा अठराशे. दुसरा निराळा, आणि सारी मेख त्यात आहे.

मुलीने सकाळी दोन मिनिटे काम केले, फोन पिशवीत टाकला आणि ती तेथेच बाजूच्या दुकानात झेरॉक्सच्या रांगेत उभी राहिली. पेटीच्या लहरी दुकानापर्यंत पोचत होत्या. तिला वाटले आपण वापरणे थांबविले. फोनला तसे वाटत नव्हते. आजचा फोन पिशवीतसुद्धा गप्प बसत नाही. निरोप आले का, फोटो चढवायचे आहेत का, अमुक नवे झाले का तमुक, अशी त्याची सारखी कुजबूज चालू असते. तो गप्प बसलाच नाही, म्हणून दुसरा आकडा कधी लागूच पडला नाही. आणि पहिला आकडा अठराशेपासून खाली उतरत शून्यावर येऊन ठेपला. दहा वाजून काही मिनिटांनी तिचा दिवस संपला होता आणि तिला ते कळले चार वाजता. माझ्या बूथवर रिसीव्हर ठेवला की मीटर थांबे. येथे रिसीव्हर ठेवावा कसा, हेच तिला कुणी दाखविले नव्हते. बाहेर पडण्याचे बटण त्या पानावर होते म्हणे, पण ते पान एकदा मिटले की पुन्हा समोर येत नाही.

काही ठिकाणी वेळ अशी जोडलेली न धरता तुकड्या-तुकड्यांनी धरतात, वापराल तेवढीच मोजतात. काही ठिकाणी एकदा दार उघडले की घड्याळ चालूच. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही. आणि नवा दिवस सुरू होतो तोही पेटीच्या घड्याळाने. स्वस्तातल्या पेटीत घड्याळ जपणारी बॅटरी नसते. वीज जाऊन आली की ती जागी होते ती पुष्कळदा १९७० च्या १ जानेवारीला, आणि मग जाळ्यातल्या मोठ्या घड्याळांना विचारून आपली वेळ लावून घेते. ज्या खोपोलीत १९१५ साली लोणावळ्याच्या तलावांचे पाणी सतराशे फुटांवरून उतरवून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज काढली, त्या खोपोलीत वीज जाते का, असे मला विचारू नये. जाते.

"मग दुसऱ्या नंबरावरून?" मी मुलीला विचारले. तिने ते आधीच करून पाहिले होते. आईच्या साध्या फोनवर आकडा मागविला, पण दरवानाने पुन्हा तेच वाक्य दाखविले. तेथे नंबराबरोबर फोनचाही हिशेब ठेवीत असावेत. प्रत्येक यंत्राला जन्माबरोबर मिळालेले अठ्ठेचाळीस बिटांचे एक नाव असते, त्यावरून पेटी त्याला ओळखते. अलीकडचे फोन २०१९-२० पासून प्रत्येक नव्या जागी नवे खोटे नाव सांगतात, कुणी पाळत ठेवू नये म्हणून. पण त्याच जागी पुन्हा गेले की सहसा तेच नाव सांगतात. त्यामुळे मुखवटा घातला तरी दरवानाला पाहुणा ओळखीचाच.

साडेचार वाजून गेले होते. मी म्हटले, माझा फोन घे. माझ्या फोनवर तिचे कागद नव्हते. ते सगळे तिच्या फोनमध्ये. तेव्हा तिने माझा फोन घेतला, दोन-तीन ठिकाणी बोट लावले आणि म्हणाली, "काका, आता तुमचाच फोन पेटी झाला." खरोखरच झाला होता. माझ्या खिशातल्या यंत्राने तिच्या यंत्राला पाट दिला, पत्ता दिला, मार्फत म्हणून वहीत नाव लिहिले. दरवान तेवढा नव्हता. संकेतशब्द म्हणून तिने माझ्या घराचे नाव टाकले, त्यात एक चूक करून.

२०२० च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तिच्यात चहावाला, किराणावाला, कुणीही परवान्याशिवाय आणि फीशिवाय आपल्या दुकानातून लोकांना वाय-फाय देऊ शकतो. अशा दुकानाला नाव दिले आहे पब्लिक डेटा ऑफिस. पब्लिक कॉल ऑफिस म्हणजे आमचा पीसीओ, तो २००४ साली मोबाइलने माझ्या हातून घेतला. त्याचा हा धाकटा भाऊ. हे वाचल्यापासून माझ्या मनात बूथची जुनी जागा पुन्हा घोळते आहे. घरात कुणाला अजून बोललेलो नाही. माझे वय बहात्तर.

तर त्या दिवशी आम्ही दोघे माझ्या ओट्यावर बसलो. पान अर्ध्यावर येऊन अडे. पाच वाजायच्या सुमारास सगळा जिल्हा त्याच दारात उभा असणार. फोटो मोठा आहे म्हणून परत आला, तो तिने लहान केला. दाखल्याची प्रत चढली. मग पुन्हा एक आकडा तिच्या फोनवर यायचा होता, तो चार मिनिटे आला नाही. मी घड्याळ पाहू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "काका, पाहू नका." पावणेपाच, दहा कमी, सात कमी. मग आकडा आला, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत अर्जाचा क्रमांक उमटला.

तिने तो क्रमांक वहीत लिहिला, फोटोही काढला. मावशी फाटकापाशी टोपली घेऊन उभ्याच होत्या; वाडीकडे जाणारी सहा आसनी रिक्षा भरत आली होती. जाता जाता मुलगी परत वळली, माझ्या फोनवर पुन्हा दोन ठिकाणी बोट लावून तिने पेटी बंद केली आणि फोन माझ्या हातात दिला.

"चालू ठेवू नका, काका," ती म्हणाली. "कुणी तरी येऊन बसेल."